हवेत आवळलेले नट

३ फेब्रुवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतंच दादा.

गाडी पोचली. चिठ्ठीही पोचली. अकरा वर्षांत तू मला लिहिलेला हा पहिला मजकूर, त्यामुळे नीट बसून वाचला. "राईड फार हार्ड झालीय. बघून घे." संपलं. कशी आहेस नाही, सही नाही. ड्रायव्हरला पत्ता सांगताना 'माझी बहीण' म्हणालास की 'त्या गॅरेजवाल्या बाई' म्हणून भागवलंस?

तुझा ड्रायव्हर उतरला तो मान धरूनच. म्हणाला, "ताई, ही गाडी नाही, शिक्षा आहे. पुढे मी, मागे साहेब, आणि खड्डा आला की दोघंही एकदम 'आई गं' करतो." माणूस बोलका आहे. त्याला चहा पाजला तर त्यानं तुझी सगळी कहाणी सांगून टाकली. तू जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष झालास म्हणे. आणि गेल्या वर्षीच्या फेरीत प्रमुख पाहुण्यांचं डोकं छतावर असं आपटलं की ते अर्ध्या वाटेत उतरून दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, मी पोटभर हसले. आता यंदाची फेरी रविवारी, बावीस तारखेला आहे, आणि पाहुणे तेच आहेत. म्हणून तुला बहीण आठवली.

गाडी वरवर पाहिली. कुठल्या उंटावरच्या शहाण्यांकडून कामं करून घेतलीस? एकानं ट्रकला शोभतील असे शॉकॲब्सॉर्बर बसवलेत. दुसऱ्यानं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या थप्पीत एक जादा पाटा कोंबलाय. टायरमधे एवढी हवा भरलीय की बोटाच्या टिचकीनं वाजतात. गाडी आदळते म्हटल्यावर प्रत्येकानं ती आणखी ताठ केली.

पहिल्यांदा वाटलं, आहे तशीच परत पाठवावी. बस आपटत. पण बाबांची गाडी आहे, म्हणून ठेवून घेतली. तुझ्यासाठी नाही, हे लक्षात ठेव.

आई कशी आहे? मी फोन करते तेव्हा तूच उचलतोस आणि ती नेहमी झोपलेली असते. सकाळी, दुपारी, केव्हाही. म्हाताऱ्या माणसाला इतकी झोप लागते हे मला माहीत नव्हतं. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर दे, मग गाडीला हात लावते.

मी


९ फेब्रुवारी

दादा,

निरोप मिळाला. "आई बरी आहे. गाडीपुरतं बोल म्हणावं." ठीक. गाडीपुरतं बोलते.

हवा कमी केली. ते दांडगे शॉकॲब्सॉर्बर काढून जुन्या मापाचे, मऊ असे बसवले. जादा पाटा काढून भंगारात टाकला. उरलेले पाटे सुटे केले तर ते एकमेकांना गंजानं असे चिकटलेले की छिन्नी घालावी लागली. पाटे एकमेकांवर घसरले तर गाडी झुलते. ते घसरत नव्हते. एकेक घासून, ग्रीस लावून परत बांधला. गाडी निम्म्यानं सुधारली. पण निम्म्यानंच. खड्ड्यात चाक गेलं की धक्का अजून सरळ पाठीत येतो, म्हणजे आता सांध्यांतल्या रबरी बुशांची पाळी.

आणि गाडीपुरतंच बोलायचं तर बाबांचा शेवटचा प्रवास हीसुद्धा गाडीचीच गोष्ट आहे. तेव्हा ऐक. गाडी इथे माझ्या गॅरेजच्या खड्ड्यावर आहे तोवर तुला ऐकावं लागेल.

बाबांचा नियम तुला आठवत असेल. रबरी बुशांचे नट चाकं हवेत लोंबकळत असताना कधी आवळायचे नाहीत. तसे आवळले तर रबर त्या लोंबत्या जागेवरच जखडतं, आणि गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं. मान मुरगळून झोपवलेल्या माणसासारखं. मग ते धक्का कसला झेलणार? म्हणून बाबा नट हातानं फिरवून सैल ठेवायचे, गाडी खाली उतरवायचे, आपल्या सगळ्यांना आत बसवायचे आणि मग खड्ड्यात उतरून आवळायचे. "ज्यांना नेणार त्यांचं वजन गाडीला कळू दे," म्हणायचे. तू पुढे स्टिअरिंग धरून ऐटीत, मी मागे, आणि माझ्या शेजारी आई मांडीवर मटार घेऊन सोलत बसलेली. खालून बाबा ओरडायचे, "हलू नका रे!" आणि आपल्याला तेव्हाच हसू फुटायचं.

दुसरा नियम रंगाचा. ज्यानं नट आवळला त्यानं त्यावर आपल्या रंगाची रेघ ओढायची. बाबांची पांढरी, तुझी लाल, माझी पिवळी. रेघ ज्याची, जबाबदारी त्याची.

बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, घरी नेताना धक्का बसता कामा नये, ॲम्ब्युलन्स करा. बाबा हटून बसले, माझी गाडी असताना ॲम्ब्युलन्स कशाला. म्हणून मी त्यांच्यासाठी सगळे बुश नवे घातले. नट सैल ठेवले, रेघ ओढली नाही. तुला सांगितलं, मी हॉस्पिटलात जाऊन येते, आल्यावर गाडी उतरवू आणि आई, तू असे बसा, मी आवळते. मी बाबांजवळ अडकले आणि तू गाडी घेऊन हॉस्पिटलच्या दारात हजर झालास. मला वाटलं, तू नियमानं उतरवून आवळले असतील.

त्या वाटेवर बाबा ओरडले ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. कसंबसं घरी आणलं आणि रात्री ॲम्ब्युलन्सनं पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं, मणक्यातला स्क्रू हलला होता. ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

आणि हॉस्पिटलच्या बोळात सगळ्यांसमोर तू म्हणालास, "हिनं हवेतच आवळले होते. मी काय, नुसती गाडी आणली." मी कानीकपाळी ओरडले की मी सैल ठेवले होते. तू आईला घरी नेलंस, गाडीखाली वाकायला लावलंस, टॉर्च मारलास आणि पिवळ्या रेघा दाखवल्यास. मलाही दाखवल्यास. पिवळ्याच होत्या.

बाबांनी अंथरुणातून एकदाच विचारलं, "पोरी, खाली उतरवून आवळलंस ना?" मी म्हटलं, "बाबा, मी आवळलेच नव्हते." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आई तर त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली, आणि मी हत्यारांची पेटी घेऊन बाहेर पडले तेव्हा तेही थांबलं. तुला एक सांगते. माझे हात मला खोटं सांगत नाहीत, पण त्या पिवळ्या रेघांपुढे मी माझ्या हातांवरही संशय घेतला. घाईत आवळले असतील का मी? इतकी वर्षं हा प्रश्न उशाला घेऊन झोपते आहे.

झालं गाडीपुरतं बोलून.

मी


१३ फेब्रुवारी

हरामखोरा,

आज बुश काढायला घेतले. शहाण्यांपैकी कुणीही त्यांना हात लावलेला नाही, नट चिखला-ग्रीसनं माखलेले तसेच होते. रॉकेलच्या फडक्यानं पुसले आणि खालून माझी पिवळी रेघ वर आली. पुन्हा एकदा पुसून बघितली.

मग तारेचा ब्रश घेतला, कारण नट हलेना. दोन हात मारले आणि पिवळ्या रंगाचा टवका उडाला. खाली लाल.

मला वाटलं गंज आहे. नखानं खरवडलं. गंज नव्हता. रंग होता, तुझा, त्या डबीतला, जी तू कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. दुसऱ्या नटाखाली लाल. तिसऱ्याखाली लाल. एकूणएक नटाखाली लाल, आणि त्यावर पिवळं. आणि आतली रबरं सगळी एकाच बाजूला पिळून फाटलेली.

आता तुझा तो दिवस मला तुझ्यापेक्षा चांगला दिसतो. खड्ड्यात वाकून आवळायचा तुला कंटाळा. गाडी वर असताना कसं उभ्या उभ्या होतं. आवळलेस, आणि बाबांनी लावलेली सवय, हातानं आपोआप लाल रेघा ओढल्या. मग बाबा तसे झाले. मग तू घरी येऊन माझी पिवळी डबी उघडलीस आणि एकेका लाल रेघेवर माझा रंग चढवलास. बाप आत कण्हत असताना. हात नाही थरथरला? रेघा किती सरळ आहेत रे.

मी खड्ड्यात बसून हसले. शेजारचा वेल्डर धावत आला, त्याला वाटलं काही पडलं अंगावर. तोवर मी रडत होते. तो बिचारा पाणी देऊन गेला.

खापर माझ्या डोक्यावर फोडलंस ते एक वेळ गिळलं असतं. पण बाबा मला खोटारडी समजून गेले. ते तू मला परत कुठून आणून देणार आहेस?

तर आता ऐक. नवे बुश घातलेत. नट सैल आहेत. गाडी अशी एक फर्लांगही चालणार नाही, आणि आवळायला माणसं आत बसलेली लागतात. तू आईला घेऊन यायचं. तू पुढे बसायचं, आईनं मागे. मी खाली उभी राहणार. आणि तू आईला, माझ्या देखत, स्वतःच्या तोंडानं सांगायचं की कुणी आवळले आणि कुणी रंगवले. पूर्ण वाक्यात. त्यानंतर मी पाना लावेन.

मला बाकी काही नको. तुझी माफी तर मुळीच नको, ती ठेव मंडळाच्या कपाटात. आईला कळलं पाहिजे. तिनं एकदा माझ्याकडे तोंड करून बोललं पाहिजे. रविवार लांब नाही.


१७ फेब्रुवारी

दादा,

डोकं आहे तुला, हे मानते.

ड्रायव्हर दुसरी गाडी घेऊन आला आणि डिकीतून दोन गोण्या काढायला लागला. वाळूच्या. एकीवर खडूनं 'मी' लिहिलेलं, एकीवर 'आई'. वर चिठ्ठी: "वजन हवंय ना? हे घे. आवळ आणि पाठव." ड्रायव्हर माझ्याकडे बघेना. म्हणाला, "ताई, मी फक्त भरल्या. आयडिया साहेबांची."

वाळूवरही काम होतं, हे तुलाही माहीत आहे. बुशाला काय, माणूस आणि वाळू सारखीच. मी म्हटलं, बघू तरी. 'मी' ओढत ओढत आणली, चांगला गुबगुबीत झाला आहेस. मग 'आई' उचलायला गुडघे वाकवले, जोर लावला आणि गोणी अशी पटकन वर आली की माझाच तोल गेला.

ड्रायव्हरला विचारलं, "अर्धीच भरली का?"

"नाही ताई. साहेबांनी आजींना काट्यावर उभं केलं, तेवढीच मोजून भरायला लावली. आजी विचारत होत्या, कशाला रे वजन? साहेब म्हणाले, औषधासाठी."

मी ती गोणी उचलून धरली होती, खाली ठेवायचं सुचेना. आई बरी आहे म्हणालास. एवढीशी झाली आहे ती, आणि मला ते वाळूवरून कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली. तुझं थोबाड समोर असतं तर तोच पाना घातला असता, आणि हे मी रागाच्या भरात नाही, शांतपणे लिहिते आहे.

आईची गोणी परत पाठवते आहे. तुझी ठेवून घेतली, चाकाला लावायला बरी पडते.

शेवटचं सांगते. तुला तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर येऊ नकोस, पण आईला पाठव. शनिवारपर्यंत ती इथे आली नाही, तर रविवारी तुझ्या मंडळाच्या फेरीत गाडी येणार नाही, मी येईन. पाहुण्यांसमोर उभी राहीन आणि एक नट सगळ्यांच्या हातात फिरवेन, नखानं खरवडून बघा म्हणेन. तू मला ओळखतोस. मी येईन.

मी


२१ फेब्रुवारी

दादा,

आई आली. तू नाही आलास. तुझं डोकं दुखतंय म्हणाली.

ड्रायव्हरनं तिला हात देऊन उतरवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं काय बोलली असेल? "केस किती पांढरे झाले गं तुझे." एवढ्या वर्षांनी. मला काहीतरी बोचरं बोलायचं होतं, ठरवून ठेवलं होतं, ते तोंडातच राहिलं. मी तिला मागच्या सीटवर बसवलं. पाठीशी उशी दिली. पुढच्या सीटवर तुझी गोणी ठेवली. ती गोणीकडे बघून म्हणाली, "हा कोण?" मी म्हटलं, "दादा." ती हसली, तोंडावर पदर धरून.

मग मी खड्ड्यात उतरले. खाली असलं की वरचा माणूस दिसत नाही, फक्त आवाज येतो, पत्र्यातून. बरंच झालं. तोंडावर मला बोलता आलं नसतं. पहिल्या नटाला पाना लावला आणि सांगायला लागले. लाल, पिवळं, सगळं. वरून काहीच येईना. मला वाटलं, रडत असेल. मी मनात म्हणत होते, रड. आता रड.

आई वरून म्हणाली, "माहीत आहे मला."

मी म्हटलं, "त्यानं सांगितलं?"

"नाही. त्यानं काही सांगितलं नाही. त्या दिवशी तो तुझी डबी घेऊन गाडीखाली गेला, तेव्हा मी मागच्या दारात उभी होते."

दादा, पाना माझ्या हातात होता आणि नट अर्धा आवळलेला होता. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? बाबांना का सांगितलं नाहीस? वर सीट करकरली, ती सरकून बसली. मग म्हणाली, "तुझे बाबा उठणार नव्हते. आम्हाला दोघांना त्याच्याच दारात राहायचं होतं. आणि त्याला बापानं 'तू केलंस' म्हटलं असतं तर तो संपला असता. तू संपणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तू लहानपणापासूनच घट्ट."

एवढंच. मी घट्ट, म्हणून मला दिलं टाकून. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला खरं कळलं की ती माझ्याकडे येईल. तिला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

मी उरलेले नट आवळले. सगळे, नीट, तिच्या वजनावर. काय करणार, हाताला दुसरं येत नाही. मग वर आले, गोणी उतरवली, तिला पुढे घेतलं आणि गाडी बाहेर काढली. मुद्दाम पाइपलाइनसाठी उकरलेल्या रस्त्यानं नेली. गाडी अशी गेली म्हणून सांगू, खड्डे खालच्या खाली जिरत होते. आई खिडकीवर हात ठेवून म्हणाली, "यांच्या वेळी अशीच चालायची." मला इतकं बरं वाटलं की माझीच मला चीड आली.

मी विचारलं, "माझ्याकडे राहतेस?" माझ्यात एवढीही लाज नाही बघ. ती म्हणाली, "नको गं. त्याला सवय आहे माझी."

परत आलो. ड्रायव्हर चहा पीत होता. आईनं माझा हात धरला, काळ्या ग्रीससकट, आणि म्हणाली, "एक ऐकशील माझं? मला माहीत होतं हे त्याला कधी कळू देऊ नकोस. मला काही ठाऊक नाही, या भरवशावर तो माझ्यासमोर ताठ मानेनं जेवतो. औषध देतो, उशी ठेवतो. त्याला कळलं तर त्याला माझ्याकडे बघवणार नाही. मला वचन दे."

तिनं माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. आणि तीही तुझ्यासाठी.

मी म्हटलं, "बरं." तिनं माझ्या गालाला हात लावला.

मग तिला पुन्हा मागच्या सीटवर बसवून म्हटलं, दादाला गाडीची कामं लिहून देते, पाच मिनिटं बस. त्याच पाच मिनिटांत हे लिहिते आहे. हात थांबत होता मधे, लपवत नाही. ती खिडकीतून दिसते आहे. थकून डोळे मिटलेत तिनं, आणि बसली आहे मागच्या सीटच्या एका कोपऱ्यात, बाकी सगळी सीट रिकामी. मला तिचं वाईट वाटतं. पण माझं कुणाला वाटलं होतं?

तर दादा, तिला माहीत होतं. तू रोज सकाळी तिच्या हातचा चहा घेतलास तेव्हा. बाबांच्या पायांना तेल लावताना तू डोळे पुसलेस तेव्हा. पाहुण्यांपुढे माझं नाव निघालं की तू उसासा टाकायचास, तेव्हाही ती शेजारीच बसलेली होती.

बाबांची गाडी ड्रायव्हर आणतो आहे, ते आले ती दुसरी इथेच राहील, मागाहून ने. पत्र त्याच्या वरच्या खिशात आहे, आई मागे आहे. वाटेत तिला एकही धक्का बसणार नाही, त्याची खात्री मी देते. दारात आली की आधी तिला हात देऊन उतरव, ती दमली आहे. मग तिच्यासमोरच बसून हे वाच. वाचून झालं की मान वर कर. ती तुझ्याकडेच बघत असेल.

तुझी बहीण